विषयाचा रकाना

बेलापूरला, आमच्या चौथ्या मजल्यावर,
आवक नोंदवहीला सहा रकाने आहेत:
अनुक्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय,
कोणाकडे दिले, सही.
एकवीस वर्षं मी ते भरतोय.
अक्षर बरं आहे म्हणून इथेच ठेवलंय मला.

एप्रिलात शैलजा तांडेलचा लिफाफा आला.
लेखा शाखेतली, करंज्याची, तोंडाने फटकळ.
लिफाफ्यावर तिनेच लिहिलेलं: गोपनीय.
खाली दोन रेघा.
पण उघडल्याशिवाय विषय कळत नाही,
विषय कळल्याशिवाय क्रमांक पडत नाही.
मी फूटपट्टीने कड कापली,
आतल्या कागदाला धक्का न लावता.

शस्त्रक्रिया झाली आहे.
पोटाला पिशवी आहे.
कामाच्या वेळेत तीन-चारदा ती रिकामी करावी लागते,
आणि प्रसाधनगृह मजल्याच्या पार दुसऱ्या टोकाला,
तरी त्याच्या जवळ बसण्याची जागा मिळावी, ही विनंती.
सोबत वाशीच्या इस्पितळाचं डिस्चार्ज कार्ड
आणि पेन्सिलने काढलेला मजल्याचा नकाशा,
एका खुर्चीवर फुली मारलेला.

मी लिहिलं. सवयीने, सुवाच्य,
सगळंच लिहिलं.
रकाना अरुंद म्हणून दोन ओळींत.

नस्ती निघाली.
घरत शिपायाने ती जिन्यात वाचली.
कार्यासन तीनने टिपणी ठेवली, मान्यतेस्तव सादर.
वरून कुणीतरी समासात विचारलं:
पिशवी कायमची की तात्पुरती?
नस्ती खाली आली. तिने उत्तर दिलं, लेखी.
नस्ती पुन्हा वर गेली.

सत्तावन्न दिवसांनी आदेश झाला, तिच्या बाजूनेच.
संदर्भात आजाराचं पूर्ण नाव.
तळाशी, प्रत माहितीसाठी:
लेखा शाखा, भांडार, सुरक्षारक्षक,
सूचना फलक.

फलकाला चार टाचण्या लागतात.
मीच लावल्या.

जागा चांगली मिळाली, खिडकीशी.
खाडी दिसते तिथून, ओहोटी असली की नुसता चिखल.
चहावाला तिला आता कागदी कप देतो.
तिच्या डब्यातल्या जवळ्याच्या वड्या
पूर्वी कधी पुरल्या नाहीत;
आता तिघींचा उपास असतो,
बुधवारी.

ती एकदाच आली माझ्या टेबलाशी.
वळसा घालून, डाव्या हाताला उभी राहिली.
"खानोलकर, नुसतं 'अर्ज' लिहिलं असतंत
तर रजिस्टर फाटलं असतं का?"
मी वहीचा कोपरा सरळ करत राहिलो.

सगळे गेल्यावर मी नोंद काढली, चारशे सतरा.
नियम मला पाठ आहेत: खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही,
चुकलंच तर एक आडवी लाल रेघ,
खालचं वाचता आलं पाहिजे,
शेजारी सही, दिनांक.
मी तशी रेघ मारली.
तेव्हापासून वही उघडली की
पानभर निळ्या अक्षरांत तेवढीच लाल दिसते,
आणि माणसं बोट ठेवून वाचतात.

माझ्या खणात फेब्रुवारीपासून एक कागद आहे.
उजव्या कानाने ऐकू येणं बंद झालंय,
तरी खिडकीवरून उठवून आत कुठे बसवावं,
असा काहीसा मजकूर.
तारीख घातलेली नाही.
दिला तर त्याला क्रमांक मीच देणार,
रकाना मीच भरणार,
आणि पुढचं घरत वाचेल, जिन्यात.

परवा ती पगारपत्रकाचं विचारायला आली,
पुन्हा वळसा घालून, डावीकडूनच.
सरळ आली असती तर चार पावलं वाचली असती.
मी आठवत बसलो,
कधीपासून अशी येते ही?
फटकळ बाई.
कुणाला बोललेली नाही.
कुठल्याच वहीत नोंद नाही त्याची.