गोगलगायी आधी गेल्या

पहिल्या दिवशी दोन, मग एक, मग एकदम चार.
भुसावळचा मे, सगळ्यांनी उन्हावर बोट ठेवलं.
हौदावर गोणपाट बांधलं,
नळाचं पाणी दोन दिवस शिळं करून ओतलं,
पोळीचा चुरा बंद केला,
नेहेत्यांच्या मांजरावर एक रात्र पहाराही दिला.
सकाळी पुन्हा एक.
पांढरं पोट, डोळा उघडाच.

फिरकेबाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या.
काठाशी उकिडव्या बसल्या,
माशांकडे पाहिलंच नाही.
"गोगलगायी कुठी गेल्या, झोपेभाऊ?"

गोगलगायी?
होळीनंतर दिसल्याच नव्हत्या.
त्यांचं मरण वर तरंगत नाही.

मग बाई कारंज्याकडे बघत राहिल्या.
छत्तीस वर्षं लोको शेडात नळ्या वाकवल्या,
फेब्रुवारीत निवृत्त झालो
तेव्हा ही एकच घरासाठी:
शुद्ध तांबं,
दर रविवारी चिंचेनं घासून लखलखीत.
पाणी तिच्यातून रात्रंदिवस फिरायचं
आणि थोडी थोडी नळी सोबत न्यायचं.

दुसऱ्या दिवशी उठून
लोट्यातलं पाणी प्यायलो, तांब्याच्याच,
उपाशीपोटी, नेहमीसारखं.
मग पाना घेतला.

सांधा माझ्याच हातचा.
पाऊण तास सुटेना.