ढालकरी

केमीत डिसेंबरात दुपारी अडीचलाच अंधार.
गोदी बंद पडल्यापासून तूरेला
घड्याळाशी देणंघेणं उरलेलं नाही.

पडद्यावर सात जण रांगेत उभे.
जादूगाराच्या बोटांत जाळ. नको,
वेल्डिंगमध्ये तीस वर्षं जाळच धरला.
तिरंदाज? डोळे अधू.
ढालकऱ्याखाली बारीक अक्षरांत:
नवख्यांना सोपा. फक्त पुढे उभं राहायचं.

तेवढं जमेल, तो मांजराला म्हणाला.

पहिल्याच गुहेत तो उलटा पळाला.
पाचही जण मेले. पुन्हा मेले.
तिसऱ्यांदा पूलच सापडेना, म्हणून मेले.
आता हाकलणार, त्यानं माऊसवरचा हात काढला,
तर बुसानची कुणी वैदू,
रात्रपाळीला निघायच्या घाईतली नर्स, लिहिते:
तूरे, तुम्ही हलू नका. मार खा.
बाकी माझ्याकडे लागलं.

असं कुणी म्हटल्याला किती वर्षं झाली,
त्यानं मोजलं नाही.

जानेवारीत वादळानं चार दिवस वीज नव्हती.
परतला तेव्हा खेळातल्या टपालपेटीत
अकरा वाट्या सूप
आणि एक ओळ:
गुहेच्या तोंडाशी बसलोय. सावकाश या.

सूप अर्थात खरं नव्हतं.
त्यानं स्वयंपाकघरातला दिवा लावला,
बटाटे सोलायला घेतले.