शिफ्ट धरून ल

चौदा वर्षं मी फळ्यावर माउस काढत आलो.
आधी लंबगोल, मग त्याची शेपटी,
मग डावं बटण, उजवं बटण, खडूनं गिरवून जाड.
मुलं वहीत उतरवायची, काही जणी मिशाही काढायच्या.
प्रश्न चौथा, गुण पाच : माउसची नामनिर्देशित आकृती काढा.

खरे माउस संगणक कक्षात होते. अकरा.
पागनीस पागेतल्या आमच्या शाळेची सगळ्यात गार खोली ती,
जुन्या पडद्यांचे अभ्रे घातलेली यंत्रं,
दाराशी पाटी : चपला बाहेर काढाव्यात.
तपासणीला साहेब आले की मी कुलूप उघडायचो,
उदबत्ती लावायचो, एक चालू करून दाखवायचो.
निळा पडदा उजळला की साहेब म्हणायचे, वा.
पुन्हा कुलूप.
मोडू नयेत म्हणून जपली,
आणि जपता जपता सात मेली.

रेठरेकर बाई जुलैत रुजू झाल्या.
पहिल्याच आठवड्यात हात पुढे केला : चावी.
मी म्हटलं, मुलं आहेत बाई, बिघडवतील.
त्या म्हणाल्या, बिघडलेलं कसं बिघडवणार?
आणि प्रार्थनेनंतर, माइकवर, सगळ्या शाळेसमोर :
मला यातलं काही येत नाही.
सहावीनं शिकवावं, मी शेवटच्या बाकावर बसेन.
शिक्षकांच्या रांगेत कुणीतरी खोकलं.
मीच असेन.
चौदा वर्षांत ते वाक्य
मला एकदाही म्हणता आलं नव्हतं.

बुरहाननं स्क्रूड्रायव्हर आणला,
सियागंजातल्या अब्बांच्या वाइंडिंगच्या दुकानातून.
सातांपैकी तीन उठली.
बाकीच्यांच्या पोटात झुरळं, गंज, कुणाचं तरी प्रगतिपुस्तक,
आणि एका डब्यात उंदरीण व्यालेली, पाच पिल्लं.
नामनिर्देशित आकृती, सर, म्हणाली प्रणोती,
आणि वर्ग फुटला.

मग वरून हजेरीचं यंत्र आलं, फाटकाशी बसलं.
चेहरा बघायचं, नाव पुकारायचं, गुळगुळीत आवाजात :
प्रणोती पिंगले. उपस्थित.
ओंकार काले. शाल्मली धवले.
मी म्हटलं, राहू दे ना, अर्थ तर कळतो.
इंदुरात आपलं असंच चालत आलंय,
दुकानाच्या पाटीवर गोले, विजेच्या बिलावर गोले,
माझे वडील शेवटी शेवटी सहीसुद्धा गोले करायचे.
प्रणोती ऐकेना.
रोज यंत्रासमोर आली की तोंड फिरवायची.
अकरा दिवस पहिल्या बाकावर बसून
अकरा दिवस गैरहजर.

बाईंनी तिला ओरडा दिला नाही,
वर अर्जही पाठवला नाही.
माझ्याकडून पासवर्ड मागून घेतला
आणि चिठ्ठीवर लिहून पोरीच्या हातात दिला.

दोन दुपारी ती दोघं स्टुलावर.
बुरहानच्या जिभेवर ळ बसत नाही,
पण कळ त्यालाच सापडली. शिफ्ट धरून ल.
यहीं तो था सर, ल के ऊपर.
किसी ने दबाया नहीं.

यंत्र आता ळ लिहायचं, म्हणायचं मात्र नाही.
तेव्हा प्रणोतीनं आपल्याच आवाजात
तीनशे बारा नावं भरली, मधल्या सुट्टीत, डबा न उघडता,
एका शिंकेसकट, मागच्या कावळ्यासकट.

सकाळी फाटकातून शिरलो की
बारा वर्षांच्या मुलीचा सर्दी झालेला आवाज म्हणतो :
गोळे सर. उपस्थित.
वडिलांची सही आठवते.
मी घड्याळ बघितल्यासारखं करतो.

बाई शेवटच्या बाकावर, दोन बोटांनी टाइप करत,
अजून ‘शाला’ लिहितात,
अन् सहावी एका सुरात ओरडते, शिफ्ट, बाई, शिफ्ट!

परवा भेरूलालनं कुलूप तळव्यावर तोलत विचारलं,
सर, यो तालो अबे कई काम को?
आता ते त्याच्या सायकलला आहे.
चावी एकच, माझ्याकडे.
शाळा सुटली की तो स्टँडपाशी उभा असतो,
माझी वाट बघत.