शंभर कोंबड्यांची एक पहाट

आमच्या मलावीत पैशाचं नाव पहाट.
क्वाचा म्हणजे उजाडलं.
आणि चिल्लर म्हणजे तंबाला, कोंबडा.
शंभर कोंबडे आरवले की एक पहाट,
हा हिशेब वडिलांनी मला बोटांवर शिकवला,
तेव्हा बोटं पुरत होती.

लिम्बेच्या बाजारामागे मक्याच्या गिरणीवर
मी पाटीवर दळणाचा दर लिहिते.
लिहिते. ठरवत नाही.
हे रोज चाळीस बायकांना सांगावं लागतं.
दर फोनवर येतो, गोंद्वे मालकाच्या घशातून,
त्याच्या घशात डिझेलवाल्याकडून,
डिझेलवाल्याकडे कुठून, ते डिझेलवाल्यालाही माहीत नाही.

एका गुरुवारी रेडिओ म्हणाला,
काल रात्री पैसा स्वस्त केला आहे.
झोपेत!
म्हणजे आम्ही कूस बदलली
तेवढ्यात उशाशी ठेवलेल्या नोटा रोडावल्या.
त्या दिवशी पाटी तीनदा पुसली, बाहीनेच.
बाही पांढरी झाली ती पिठाने की खडूने
हे धुतानाही कळलं नाही.

माझा भाऊ लायसन लिलाँग्वेला अर्थखात्यात आहे.
त्याच्या कागदावर एक रकाना असतो: तूट.
मावशीच्या मयतीला आला तेव्हा मी विचारलं,
येणं सोळा, जाणं पंचवीस, तर मधले नऊ कुठून?
म्हणाला, रोखे काढतो.
ते कोण घेतं?
बँका.
बँकांना पैसे?
सरकारच्या मोठ्या बँकेकडून.
आणि तिला?
तो न्सिमाचा घास बोटांत वळत राहिला,
वळत राहिला,
तोंडात घालायचं विसरून.

मग म्हणाला, ताई, ही काही चोरी नाही गं.
हे खत आहे. हा वादळात वाहून गेलेला पूल आहे.
हे मागच्या कर्जाचं व्याज,
आणि हा, हा बघ, नर्सांचा पगार.
अंथरूण पाहून पाय पसरायचे खरे,
पण अंथरुणात माणसं आधीच झोपलेली असली तर?
सांग, यातलं काय खोडू?

मी काही बोलले नाही.
नर्सांच्या ओळीत आमची एलुबी होती, धाकटी.
तिचा पगार दोन महिने उशिरा येतो.
तो यावा म्हणून लायसन नऊचे अकरा करतो,
आणि तो आला की पाटीवर मी
त्यातला अर्धा परत घेते.
एका हाताने भाऊ देतो, दुसऱ्या हाताने बहीण पुसते;
मधे एलुबी उभी, डोक्यावर मक्याचं घमेलं.
पूर्वी ते काठोकाठ असायचं.
आता ती ते हलवत नाही,
आतला मका खुळखुळू नये म्हणून.

तंबाला आता कोणी घेत नाही.
पोरं त्यांनी टिकरी खेळतात.
गिरणीचा बोल्ट सैल झाला तेव्हा मिस्त्रीने
एका कोंबड्याला भोक पाडून
वॉशर म्हणून खाली घातला.
पट्टा फिरला की तो आतून खडखडतो.
त्यालाच आरवणं म्हणायचं.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं म्हणतात.
इथे झाकलं कोणी?
कोंबडे खर्चून संपले,
तरी उजाडतंच,
आणि पाच वाजता दारात रांग असते.

आज किती? पहिली बाई विचारते.
पाटीवर कालचा आकडा आहे.
फोन खिशात थरथरतो,
गोंद्वेचाच असणार.
मी तो वाजू देते.
कालच्या दराने दळून घ्या, लवकर, मी म्हणते,
आणि रांग कधी नव्हे ती भराभर सरकते.
फोन सातव्यांदा वाजेपर्यंत
अकरा डबे होतात.

ही तूट माझी.
महिनाअखेर मालक ती माझ्या पगारातून कापतो.
ती कुठल्या रकान्यात लिहायची
हे लायसनला विचारायचं राहूनच गेलं.