सातवी बाटली

तळेवाडीच्या गुहेत लुमाण्णानं बॅटरी मारली,
छत हललं :
वटवाघळं.
"बोटांचे पंख व्हायला किती वर्षं लागली असतील?"
"डोंगरालाच इचारा की."

निपाणीत माझं औषधांचं दुकान.
तंबाखूवरची अळी, लोक म्हणतात,
तीन हंगामांत बाटलीला सरावते.
सरावत कुणी नाही.
मरायच्या त्या मरतात,
एखादी चुकार उरते,
तिचीच पिलावळ मग
फवाऱ्यात न्हाऊन पान कुरतडते.
मी फळीवर पुढची बाटली लावतो.
ही सातवी.

वर एक पिल्लू आईला चिकटलेलं.
पंख मुडपतो तिथं अंगठा, नखासकट,
अजून अंगठाच.
मी माझा बघितला,
औषधानं पिवळा पडलेला,
आणि लुमाण्णाला म्हटलं,
विझव ती.