सात वॅट

बारा किलोची पेटी, वर मूठ, पुढे हिरवे आकडे.
मुलीने घेऊन दिली. म्हणाली,
बाबा, इन्व्हर्टरच आहे, फक्त उचलून नेता येतो.
मी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये
एकतीस वर्षं डिस्टिल्ड वॉटर भरलं,
सेलगणिक हायड्रोमीटर बुडवून वहीत आकडे लिहिले,
ॲसिडने माझ्या तीन पँटींना भोकं पाडली.
मला बॅटरी शिकवू नकोस, म्हणालो.
मग चष्मा लावून माहितीपुस्तक दोनदा वाचलं.

धायरीत गुरुवारी लाइट जातात, ते धरलेलंच असतं.
हे मंगळवारी गेले.
ड्रेनेजवाल्यांच्या जेसीबीने केबल तोडली.
महावितरणचा माणूस खड्ड्याशी उकिडवा बसला,
बॅटरी मारून आत बघितलं, म्हणाला, बघतो.
म्हणजे सकाळ.

पेटी हॉलमध्ये आणली.
पंखा पन्नास, राउटर दहा, दिवा नऊ.
मिक्सर नाही. इस्त्रीचं नाव काढायचं नाही.
कुमुद म्हणाली, रेशनिंग ऑफिसर आलेत घरात.

दहाच्या सुमाराला बेल वाजली. म्हणजे वाजली नाही,
कशी वाजणार, कडी वाजली.
वरच्या खळदकर बाई.
तीन वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
त्यांच्या मोरीची गळती, आमच्या छतावर डाग,
आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी
‘पुराव्यानिशी’ हा शब्द वापरलेला, चारचौघांत, उभा राहून.

मोबाइलच्या उजेडात त्यांची फक्त हनुवटी दिसत होती.
म्हणाल्या, एक छोटं आहे. रात्रभर लागेल.
वायर आहे माझ्याकडे.
किती वॅट, मी विचारलं.
तेवढंच सुचलं.
माहीत नाही हो. छोटं आहे.

मग बाल्कनीतून पांढरी वायर उतरली,
वाऱ्यावर जरा हलली, ग्रिलला टेकली.
कुमुदने कपड्यांचा चिमटा लावला.
मी पिन बसवली.
सत्तरचे सत्त्याहत्तर झाले.

बॅटरी निम्म्याच्या खाली.
मी मनात भागाकार करत होतो,
तोवर पंखा कुमुदने बंद केला. मी नाही.
मग दिवा. मग राउटर.
अंधारात एकच हिरवा आकडा राहिला, सात,
आणि डास.

काय असतं सात वॅटचं?
मोबाइल असता तर भरून थांबला असता.
वाफेचं मशीन असतं तर आकडा उडाला असता.
माशांच्या टाकीतला पंप? पण मासे कधी आणले?
कोणी आजारी आहे का? लहान मूल आलंय?
तीन वर्षांत वर कोण आलं, कोण गेलं,
मला छतातून गळालं तेवढंच ठाऊक.

तीन चाळीसला आकडा शून्य झाला.
मी उठलो. पिन घट्ट. चिमटा जागेवर.
वायर वर गेलेली, वर नुसतं काळं.
कानोसा घेतला. खुर्ची सरकली.
कोणीतरी हळू चाललं, थांबलं, परत चाललं.
हाक मारावी तर कोणत्या नावाने?
तीन बावन्नला सात.

कॅलेंडरच्या पानामागे लिहून ठेवलं,
सवयच आहे:
३.४० ते ३.५२, लोड नाही, कारण अज्ञात.

साडेसहाला लाइट आले.
सगळ्या बिल्डिंगचे फ्रिज एकदम दचकले,
खाली पाण्याच्या मोटरने घसा खाकरला.
कुमुदने चहा टाकला, पंखा लावला,
माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही.

वायर ओढून घ्यायला कोणी आलं नाही.
मीही पिन काढली नाही.
घराघरात लाइट आहेत,
पेटीत सोळा टक्के,
छतावर डाग आहे तिथेच,
आणि हिरवा आकडा
अजून सात.