सत्तेचाळीस नंबरचं पाकीट

तार्तूमध्ये जानेवारीत उजाडायला नऊ वाजतात.
मी सातलाच येते, अंधारात,
गोठलेल्या नदीवरच्या पुलावरून.
आमच्या भाषेत तिचं नाव आई-नदी.
बर्फाखाली ती वाहतच असते म्हणतात.
न दिसणाऱ्या वाहण्यावर विश्वास ठेवणं
हीच माझी नोकरी आहे.

कपाटात दीडशे पाकिटं. सीलबंद, आत काळा कागद,
आणि प्रत्येकात एकच शब्द:
नळी, किंवा मास्क.
प्रश्न तसा साधा.
माणूस झोपवला, की त्याचा श्वास
कुणाच्या हवाली करायचा?

नळी उंबरठा ओलांडते.
डॉक्टर ऐवार स्टीलच्या पात्याने जीभ बाजूला सारतात,
आत दोन पांढुरक्या कडा, स्वरतंतू,
आत्ताच कुणीतरी बोलायचं थांबल्यासारखे उघडे.
त्यांच्यामधून नळी जाते, फुगा फुगतो,
आणि मग पोटातलं काही वर आलं तरी
फुफ्फुसाला पत्ता लागत नाही.

मास्क आत शिरत नाही.
घशाच्या तळाशी जाऊन दाराबाहेर बसतो,
धक्क्याला लागलेल्या होडीसारखा.
ऐवारांना तो आवडतो. पाच बोटांचं काम, म्हणतात,
आणि हळूच कानाने ऐकतात,
कुठून हिस्स होतंय का.
कधीकधी होतं.

मी सेकंद मोजते.
पहिल्या प्रयत्नात बसलं? काढताना रक्ताचा डाग?
चोवीस तासांनी: घसा दुखतो का, शून्य ते दहा?
उर्मास, पीट खोदणारा, बेचाळीस नंबर, हसला होता:
बाई, चाळीस वर्षं धूर गिळतोय हा घसा,
तुमचा मास्क कालचा पाहुणा.
मी लिहिलं, शून्य.

सत्तेचाळीस म्हणजे हेल्वे.
बर्फावर घसरली, मनगटात प्लेट बसवायची होती.
सही करताना म्हणाली, डाव्या हाताने, वेडीवाकडी:
मी गाते. खालची पट्टी.
लाकूड गिरणीचा गायकवृंद, तेहेतीस वर्षं.
गिरणी बंद पडली, आम्ही नाही पडलो.
मला काय घालणार?
मी म्हटलं, माहीत नाही.
खरंच माहीत नव्हतं. सगळा अभ्यासच
त्या न माहीत असण्यावर उभा होता.

पाकीट दिव्यासमोर धरलं.
काळा कागद काळाच राहिला.
फाडलं.
नळी.
शेजारी अठ्ठेचाळीस पडलं होतं.
त्यावर माझा हात किती वेळ होता
ते सेकंद मात्र मी मोजले नाहीत.

नळी एकोणीस सेकंदांत गेली. डाग नाही.
चोवीस तासांनी हेल्वे खिडकीकडे तोंड करून बसलेली.
घसा? मी विचारलं.
तिने आकडा सांगितला नाही.
गुणगुणली, एक एक पायरी उतरत,
आणि शेवटच्या पायरीवर आवाज
पाय नसल्यासारखा हवेत राहिला.
चार लिहा, म्हणाली. बसल्या आवाजात.

फॉर्म चोवीस तासांवर संपतो.
तरी मी महिन्याने फोन केला, घरच्या नंबरवरून,
नियमात नसलेला.
ती काही बोलली नाही. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज,
मग खोल श्वास, स्वतःचा, कुणाच्या हवाली न केलेला,
मग तो सूर. खालचा. किंचित डगमगता.
मी माफी मागायला तोंड उघडलं.
हेल्वे हसली:
अगं, पन्नाशीपासून तो असाच लागतो.
उगीच नळीला बोल लावू नकोस.

दीडशे पाकिटं संपली.
तक्त्यात दोन्ही रकाने जवळजवळ सारखे आलेत,
ऐवार निराश आहेत.
मी सत्तेचाळीसच्या ओळीत, समासात,
पेन्सिलने काहीतरी लिहिलंय.
पेन्सिल चालत नाही, ठाऊक आहे.
कुणी विचारलं तर खोडेन.